खुर्च्यांची तोंडं

४ सप्टेंबर
आले एकदाची! टॅलो फ्लॅट म्हणजे कॅलिफोर्नियाच्या नकाशावर माशी बसावी एवढं गाव, पण घर माझं स्वतःचं. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, आणि भांडी घासता घासता खिडकीतून थेट डोंगर. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात लोकांना 'बसा, नंबर येईल' म्हणण्यात माझा जन्म गेला. आता कुणाला बसा म्हणायला नको. नळाला आधी तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. शेजारच्या व्हर्ना स्टबलफील्डने पीचचा केक आणून दिला. तळ करपला होता. मी दोन तुकडे खाल्ले. पाहुण्यांसाठी दुसऱ्या खोलीत पलंग लावला. पाहुणे कोण, ते विचारू नये.

९ सप्टेंबर
संध्याकाळी अग्निशमन केंद्रात सभा होती. ऑरिन लीक नावाचा एक माणूस आहे. त्याने दोन मुलींचा सर्वनाश केला. शिक्षा संपल्यावरही सरकारने त्याला वर्षानुवर्षं इस्पितळात कोंडून ठेवलं, आणि आता न्यायाधीश त्याला अटींवर बाहेर सोडणार आहेत. पायात माग काढणारा पट्टा, मागे पहारा. कोणत्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, त्याला घ्यायचं, एवढंच ठरायचंय. जन्मला एकीत, गुन्हा केला दुसरीत, आई राहायची तिसरीत. समुद्रकाठच्या त्या तिघींकडे शाळा आहेत, बागा आहेत आणि महागडे वकील आहेत. आमच्याकडे यांतलं काहीच नाही, म्हणून आम्ही सोयीचे!

माझं डोकं फिरलं. मी उठून सांगितलं की शाळेत सिस्टर अ‍ॅलोशियसने आम्हाला शिकवलं होतं, ज्याने सांडलं त्याने पुसावं. समुद्रकाठच्या बड्या लोकांनी आपली घाण आपल्याच अंगणात ठेवावी. टाळ्या पडल्या. माझ्यासाठी, या वयात! त्या भरात मी आणखी एक वाक्य बोलून गेले, की कुठेतरी जागा द्यावीच लागेल, माणूस काही वाफ होऊन उडून जात नाही. यावर टाळी नाही. व्हर्नाचा नवरा हॉयट मागून ओरडला, बाई, मग तुमची ती खोली रिकामीच आहे की! सगळे हसले. मीही हसले.

२१ सप्टेंबर
निकाल आमच्या विरुद्ध गेला. माझ्या समोर, रस्त्यापलीकडे एक जुनं पत्र्याचं फिरतं घर आहे, ते त्याला दिलं. काल तिथे पांढरी व्हॅन येऊन गेली. त्याचं तोंड कुणी पाहिलं नाही, पण पडदे लागले.

व्हर्नाने लगेच खुर्च्या मांडल्या. घडीच्या, माझ्या कुंपणालगत, त्या घराकडे तोंड करून. दुपारपासून उन्हं कलेपर्यंत सगळं गाव तिथे बसतं. थर्मास फिरतो, सूर्यफुलाच्या बिया फुटतात. हॉयट म्हणतो, टीव्हीपेक्षा बरं, जाहिराती नाहीत. मीही एक हिरवी खुर्ची आणली. माझी खुर्ची कुणी बळकावली तर व्हर्ना त्याला उठवते: ऊठ रे, ती आमच्या मिस क्विग्लीची आहे.

आमच्या. लाज वाटते लिहायला, पण इतकी माणसं माझ्याशेजारी कधीच बसली नव्हती.

६ ऑक्टोबर
त्या घरातून कधी कचरा निघत नाही. पहारेवाला येत नाही. मला राहवेना, न्यायालयात फोन लावला. पलीकडच्या बाईने काहीतरी चघळत सांगितलं की ती पांढरी व्हॅन फक्त धोक्याच्या घंटा बसवायला आली होती. त्याला घेऊन येणारी व्हॅन आमच्या काउंटीच्या हद्दीवरच थांबवली, वकिलांचा शेवटचा अर्ज होता म्हणून. उन्हात थांबून थांबून तो आतच मेला. मग आता कुठे आहे, मी विचारलं. ती म्हणाली, कुठेच नाही हो अजून. पुरायलासुद्धा कुणी घेत नाहीये.

७ ऑक्टोबर
मिठाई वाटावी तशी मी ही बातमी सांगितली. कुणाला आनंद झाला नाही. व्हर्ना म्हणाली, मग इतके दिवस आम्ही कुणाला बघत होतो? पडदा हललेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. हॉयटला हसू आलं नाही. तो म्हणाला, मेला म्हणता, मग ठेवलाय कुठे? मी म्हटलं, कुठेच नाही. मग व्हर्नाने हळूच विचारलं, पण तुम्हाला कशाला हो त्याची एवढी चौकशी?

१० ऑक्टोबर
आज खुर्च्यांची तोंडं फिरवली आहेत. सगळ्या माझ्या घराकडे. फक्त माझी हिरवी तेवढी जुन्याच दिशेला, एकटी.

१२ ऑक्टोबर
व्हर्नाला कुंपणाशी गाठलं. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, भांडी घासताना तुमच्या मागे तो उंच माणूस कोण उभा असतो? मी म्हटलं, डोळे तपासून घे. घरात येऊन आधी खिडकीचा पडदा ओढला. मग मागे पाहिलं. कुणी नव्हतं. पण आधी पडदा का ओढला मी?

१५ ऑक्टोबर
दुकानदाराने पावाची लादी हातात दिली नाही, फळीवर ठेवून तो मागे सरला. पोस्टात कुणी बोललं नाही.
पाहुण्यांच्या पलंगावर मधोमध खळगा पडलाय. मी चादर ताणून आले.

१६ ऑक्टोबर
पुन्हा खळगा. इस्पितळाच्या साबणाचा वास. मोठ्याने सांगितलं त्याला— ही तुझी जागा नाही. तिकडे जा, समुद्राकडे, जन्मलास तिथे— आवाज माझाच मला अनोळखी.

१७ ऑक्टोबर
सूप केलं. दोन वाट्या काढल्या गेल्या. का, ठाऊक नाही. कितीतरी दिवसांत कुणाशी बोलले नाही—
दुसरा चमचा वाजला. मी वर पाहिलं नाही. खात राहिले.

१८ ऑक्टोबर
सगळे व्हरांड्यात आलेत. खुर्च्यांसकट. हॉयट दार ठोठावतोय. बाई, खोली दिलीत का त्याला? एवढंच सांगा. व्हर्ना रडवेल्या आवाजात म्हणते, नाही म्हणा हो, मिस क्विग्ली, तुमची खुर्ची ठेवलीय आम्ही—

एकच शब्द. त्या दोन मुलींसाठी तरी मी तो म्हणायलाच हवा. म्हणणारच आहे.

पण तो पाहुण्यांच्या खोलीच्या दारात उभा आहे, माझ्या मागे. श्वास नाही, नुसता साबणाचा वास. ऐकायला थांबलाय. प्रत्येक काउंटीने त्याला हाच शब्द— आणि आता मी—

तोंड उघडलं. खांद्यावर काहीतरी गार टेकलं, आणि माझ्याच दवाखान्यातल्या आवाजात, अगदी अदबीने, माझ्या तोंडून बाहेर पडलं, या, बसा, नंबर—