फर्गसला आवडलेले चीज रोल

ग्लेनारी, साउथलंड
जुलैचा दुसरा बुधवार

प्रिय व्हेल्मा आंटीस,

नोलीनचा गारठलेल्या बोटांनी नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? बंडाबर्गच्या उन्हात त्याला आराम पडला असेल. (फोटो पोचला. जुलैत बिनबाह्यांचा फ्रॉक घातलेले फोटो पाठवत जाऊ नकोस, इथे लोकांना त्रास होतो.) इकडे ऐन हिवाळा, आज सकाळी वजा सहा होतं. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना लायब्ररीचं कार्ड मोडलं, बाकी सगळं ठीक.

पत्राला कारण असं काही नाही, आपल्या कौन्सिलच्या ऑफिसचं थोडं सांगावंसं वाटलं. आपला फर्गस, जो तुझ्या हाताखाली शिकला आणि अजूनही तुझं नाव काढलं की खुर्चीत सरळ बसतो, तो ऑगस्टअखेर निवृत्त होतोय. त्याच्या जागेवर रेविनचा डोळा आहे आणि डेस्मंडचाही. मला त्या जागेशी काही देणंघेणं नाही. मला फक्त माझं हीटरजवळचं टेबल हवंय. जो कोणी साहेब होईल तो टेबलं बदलणार, आणि आपल्या बाजूचा नसेल त्याला पुढच्या काउंटरवर बसवणार, हे दोघांनीही (वेगवेगळं, किटलीपाशी, कानात) मला सांगून ठेवलंय. काउंटर म्हणजे आपोआप उघडणाऱ्या दाराच्या तोंडाशी. त्यात हा कुत्र्यांच्या नोंदणीचा महिना. दर मिनिटाला दार उघडतं, आधी वारा आत येतो, मग कुत्रा आणि शेवटी मालक. मागच्या हिवाळ्यात मी तिथे सहा आठवडे काढले. पायाला बोटं आहेत की नाहीत हे घरी जाऊन मोजे काढून बघावं लागायचं.

आपल्याकडे हिवाळ्यात माणसाची बाजू चीज रोलवरून ओळखतात हे तुला वेगळं सांगायला नको. (पावाच्या स्लाइसला चीज फासून गुंडाळी करायची, यात कोणाचा मान कसा दुखावतो हे बाहेरच्याला कळणार नाही. बंडाबर्गमध्ये कोणाला समजावत बसू नकोस.) रेविन मुलीच्या नेटबॉल संघाला पैसे जमवायला रोल विकतेय, डेस्मंड त्याच्या बॅगपाइपवाल्या बँडसाठी. दोघांच्या याद्या किटलीच्या वर शेजारी शेजारी चिकटवलेल्या, कोणी कोणाकडून किती मागवले ते साऱ्या जगाला दिसेल अशा. मी मोठा शहाणपणा केला आणि दोघांकडे दोन-दोन डझन लिहिले. तासाभरात रेविन हजर. "काय गं नोलीन, त्याच्याकडेही दोन डझन? असू दे, असू दे. तुझं पोटच मोठं, त्याला तू तरी काय करणार!" दुपारी डेस्मंड. "आम्ही काय बाबा, म्हातारे वाजंत्री. आमच्याकडून कोण घेणार?" मी म्हटलं, अरे, दोघांकडून सारखेच घेतलेत की. तर म्हणाला, "तेच तर म्हणतोय मी."

आज सकाळी दोघांचे खोके एकदमच आले आणि फर्गसला दहाच्या चहाबरोबर गरम रोल खायची लहर आली. "टाक गं नोलीन थोडे ग्रिलखाली." आता कोणाचे टाकू? एकाचे टाकले तर दुसरा रुसणार, दोघांचे टाकले तर फर्गसनं आधी कोणाचा उचलला यावरून आठवडाभर धुसफुस. माझी स्वतःची रोलची एक पिशवी गाडीच्या डिकीत होती (या दिवसांत डिकी म्हणजे फ्रीजरच). गुपचूप ती आणली, रोलना लोणी लावलं, भाजले आणि एक शब्द न बोलता पुढे ठेवले.

फर्गसनं एक खाल्ला, दुसरा खाल्ला, मग चष्मा काढून पुसला. "चाळीस वर्षांत असा रोल खाल्ला नाही. कोणाचे हे?" रेविन म्हणाली, "माझ्या आईची पद्धत." तिचं वाक्य संपायच्या आत डेस्मंड म्हणाला, "मोहरी लागली ना जिभेला? ती आमचीच." आंटी, दोघांचे खोके तिथेच होते, फर्गसच्या पाठीमागे, चिकटपट्टीसुद्धा न काढलेले!

मी गप्प बसले. घाबरले, दुसरं काय. घरी येताना गाडीत रडू आलं, अर्धं लाजेनं, अर्धं रागानं. अकरा वर्षं मी त्या ऑफिसात मान खाली घालून काम करतेय आणि माझ्या ताटलीतल्या रोलवरही माझा हक्क नाही? माणसानं निदान खाण्याच्या बाबतीत तरी खरं बोलावं. असो. मी राजकारणात पडत नाही.

गुडघ्याला जप.

तुझी भाची,
नोलीन

ता. क. – त्या जागेसाठी अर्ज मीही केलाय. मुलाखती महिनाअखेरीस आहेत. फर्गसला एक फोन कर, आपला सहजच, हवापाण्याचं बोल, आणि बोलता बोलता ते रोल नोलीनचे होते एवढं कानावर घाल. तुझ्या शब्दाबाहेर तो नाही.

ता. क. २ – कृती विचारली तर आपल्या घरातली जुनी आहे म्हणून सांग आणि लगेच विषय बदल. ते रोल मी चर्चच्या विक्रीतून आणले होते. करणारी बाई म्हणजे फर्गसचीच बायको. घरी तिनं ते कधी केलेले दिसत नाहीत. तेव्हा फोन ऑफिसातच कर, त्याच्या घरी करू नकोस.