बुधीच्या मुलीचा कागद

मी, रोझलिन पास्कोल तुस्कानो, वय एकोणऐंशी, निवृत्त प्राध्यापिका, मूळ गाव वसई, राहणार लंडन, प्रांत ऑन्टारिओ, कॅनडा, हे स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दडपणाविना लिहिते आहे. याआधी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. मालमत्तेपुरती इंग्रजी प्रत माझे वकील श्री. शैलेंद्र कर्णिक यांनी तयार केली आहे. बाकीचं मला इंग्रजीत लिहिता आलं नाही.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी दोन तास तपासून तसा दाखला दिला आहे. मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. पाच वर्षांपासून माझ्या बेसमेंटच्या जिन्यावर एक मुलगी येऊन बसते, भर दुपारी, माझा जुना फ्रॉक घालून, हेही सांगितलं. "ती तुमच्याशी बोलते का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही. वाट बघते." ते बराच वेळ काहीतरी टिपत राहिले आणि मग त्यांनी सही केली.

एक. राहतं घर माझी मुलगी कॅरल हिला, पूर्णपणे. ती किचनर शहरात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिला इथे येऊन राहायचं नाही, हे मला माहीत आहे. तिने घर खुशाल विकावं. घेणाऱ्याला जिन्याबद्दल सांगण्याची गरज नाही. ती मुलगी या घराची नव्हे, ती माझ्यामागे आली आहे.

दोन. माझी सगळी पुस्तकं, टिपणं आणि हस्तलिखितांच्या छायाप्रती विद्यापीठाच्या ग्रंथालयाला. यात नवव्या शतकातल्या फ्रँक राज्यातल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, एका मठाच्या जमीन-नोंदवहीवरचं माझं एकतीस वर्षांचं काम आहे. कुणी विद्यार्थी ते उघडेल तर त्याच्यासाठी थोडं लिहिते.

त्या काळी सरदार मरायला टेकला की आत्म्याच्या कल्याणासाठी मठाला गाव देई. दानपत्रात ठरलेली ओळ असे: शेतं, कुरणं, द्राक्षमळे, गिरणी, आणि तिथे राहणारी माणसं. माणसं शेवटी. ते भूदास आठवड्यातले तीन दिवस मठाच्या शेतावर राबत, सणाला कोंबड्या आणि अंडी पोचवत. त्यांना जमीन सोडून जाता येत नसे. एका धन्याच्या भूदासाने दुसऱ्या धन्याच्या बाईशी लग्न केलं, तर पुढे त्यांची मुलं दोन धन्यांमध्ये वाटली जात. माझं एकुलतं पुस्तक अशाच एका वाटणीवर आहे. आदालिंडिस नावाची बाई, पाच मुलं. तीन मठाकडे गेली, दोन शेजारच्या सरदाराकडे. कारकून साधूने पाचही मुलांची नावं लिहिली होती. मी वर्गात दरवर्षी सांगत असे, या कारकुनाचे आभार माना, त्याने नावं गाळली नाहीत.

१९८३ साली विभागातल्या एका सहकाऱ्याने सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, "तुमचा या गोऱ्या शेतकऱ्यांशी संबंध काय?" मी हसून म्हटलं, "काहीच नाही." ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांचा राग मी इथेच सोडते. माझं उत्तर मात्र खोटं होतं.

तीन. वडिलांचं मनगटी घड्याळ आणि आईवडिलांच्या लग्नाचा फोटो भाऊ ॲड्रियन याला. वसईच्या जमिनीतला माझा हिस्सा त्याने तोंडाने मागण्याआधीच मी सोडून दिला होता, तेव्हा आणखी काही देणं उरत नाही. त्याच्याशी मी तेरा वर्षं बोललेले नाही. कारण सहाव्या कलमात येईल.

चार. बर्फ काढायचं मशीन शेजारच्या माधवीला. माझे पती रॉड्नी गेल्यापासून माझ्या ड्राइव्हवेवरचं बर्फ तीच फावड्याने काढते आणि कधी बोलूनसुद्धा दाखवत नाही.

पाच. मला इथल्याच कबरस्तानात रॉड्नीशेजारी पुरावं. प्रार्थना व्हावी, ती रॉड्नीलाही आवडली असती. माझ्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्साविधी मात्र ठेवू नये. मी श्रद्धा सोडलेली नाही, दर रविवारी चर्चला जाते. पण आत्म्याच्या शांतीसाठी कोणी काय काय दिलं ते मी इतकी वर्षं वाचत आले, आणि एकदा माझ्या हाताने लिहिलंही आहे.

सहा. आता तो कागद.

१९५७ साली, मी अकरा वर्षांची असताना, वडील आणि काका वेगळे झाले. आमच्या घरी बुधी नावाची वारली समाजाची बाई होती. तिचं लग्न माझ्या आजोबांनी लावून दिलं, त्या खर्चापायी ती आणि तिचा नवरा आमच्याकडे राबत. नवरा लवकर वारला, पण खर्च फिटला असं कुणीच कधी म्हटलं नाही. मला न्हाऊमाखू घातलं ते बुधीने. तिची मुलगी सोनी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. माझे फ्रॉक आखूड झाले की तिच्या अंगावर जात. केळीच्या बागेत आम्ही दोघी पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायचो.

वाटणी ओटीवर झाली. मध्यस्थ म्हणून गावचे फादर बसले होते. वडिलांचा हात कापायचा, काकांचं अक्षर कुणाला लागत नसे, आणि मी शाळेत शुद्धलेखनात पहिली. वडील म्हणाले, "रोझ लिहील." मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

फादर सांगत गेले, मी लिहीत गेले. विहीर सामाईक. मोठी बाग थोरल्याकडे, खाडीकडची धाकट्याकडे. एक वाडी आजोबांच्या आत्म्यासाठी चर्चला. बैलजोडी थोरल्याकडे. मग फादर थांबले आणि म्हणाले, "बुधी थोरल्याकडे. मुलगी एक, धाकट्याकडे."

मी मान वर करून म्हटलं, "तिचं नाव सोनी आहे, फादर."

"नावाची जरूर नाही, बाळ. मुलगी एक, एवढं पुरे."

मी लिहिलं: मुलगी एक. अक्षर सुरेख आलं होतं. फादरनी पाठीवर शाबासकी दिली.

काकांनी संध्याकाळ व्हायच्या आत सोनीला नेलं. त्यांची दुसरी शेती पालघरच्या बाजूला होती. बुधी त्या वेळी मागच्या अंगणात भात कांडत होती. तिला कुणी बोलावलं नाही. कळल्यावर ती ओटीपर्यंत आली, माझ्यापुढच्या दौतीकडे पाहिलं आणि परत जाऊन कांडू लागली. त्यानंतर तिने माझी वेणी कधी घातली नाही. मी सतरा वर्षांची असताना ती वारली. वडील गेल्यावर त्यांच्या पेटीतला तो कागद मी कॅनडात आणला. कुणी पाहू नये म्हणून आणला, जपावा म्हणून नव्हे.

२०१२ साली, निवृत्त झाल्यानंतरच्या वर्षी, सोनीला शोधत मी पालघरजवळच्या एका पाड्यावर गेले. तिने मला हाकेवरून ओळखलं. "रोझबाय, तू म्हातारी झालीस," म्हणाली आणि खाटेवर जागा केली. मी तिला सगळं सांगितलं, लिहिणारी मी होते, हेसुद्धा.

तिला कागदाचं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मला तर सांगलं होतं, आयेनं तुला टाकली. पोरगी नको झाली म्हणून देऊन टाकली. मी आयेला शिव्या दिल्या गं, सारा जन्म." मग म्हणाली, "तो कागद मला दे. माझ्या पोरांना दावायचा आहे, का आयेनं नाही टाकली."

मी म्हटलं, "कॅनडात आहे. गेल्यावर पाठवते."

परतताना वसईला हे ॲड्रियनला सांगितलं. तो म्हणाला, "कागदावर बाबांचं नाव आहे. उद्या ते लोक जमिनीवर हक्क सांगतील, पेपरात छापून येईल. डोकं फिरलं का तुझं?" आमचं भांडण झालं. मी त्याला नको ते बोलले, आणि इथे येऊन त्याने सांगितलं तेच केलं. कागद पाठवला नाही. सोनीच्या नातीने, अवंतिकाने, तीन पत्रं लिहिली. शेवटच्या पत्रात एवढंच होतं: आजी विचारते, निघाला का. मी उत्तर दिलं नाही. २०२० साली सोनी वारल्याचं कळलं. त्याच आठवड्यात, कपडे मशीनमधून काढून वर येत होते, तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती बसलेली. नऊ वर्षांची. पाय ओले. मला तिला ओलांडून यावं लागलं.

तर हा कागद माझ्या मृत्यूनंतर अवंतिकाला मिळावा.

वरील सहाव्या कलमातली शेवटची ओळ आज, सहीच्या वेळी, मी खोडली आहे. खोडल्या जागी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरं आहेत. कारण असं.

शैलेंद्र यांनी मसुदा वाचून विचारलं, "बाई, हे तुमच्यानंतर लागू होईल. तोवर कागद कुठे राहील?"

"माझ्याकडे."

"म्हणजे आतापर्यंत होता तिथेच."

त्यांनी ते सहजच विचारलं होतं. मी पेन खाली ठेवलं. कॅरल माझ्या शेजारी बसली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, शैलेंद्र यांनी तिला नुकतंच वाचून दाखवलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, फोन काढला आणि म्हणाली, "मॉम, कॉल हर. नाऊ."

तिकडे रात्र झाली होती. अवंतिका पालघरला नर्स आहे, ड्युटीवर होती. मी नाव सांगितलं, तिला ओळख पटायला वेळ लागला. मी म्हटलं, जानेवारीत मुलीबरोबर कागद घेऊन येते. ती म्हणाली, "आजीचं नाव कसं लिहिलंय त्यावर?"

मी सांगितलं, नाव नाही. मुलगी एक, असं आहे.

फोनवर मागे कुणीतरी खोकत होतं. मग ती म्हणाली, "मॅडम, येताना पेन आणा. तिथे तुम्हीच लिहा. अक्षर तेच पाहिजे."

जुन्या कागदाला शाई लावायची नाही, हे मी एकतीस वर्षं मुलांना शिकवलं. मी हो म्हटलं.

लिहून देणार: रोझलिन पास्कोल तुस्कानो (सही)

आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत बाईंनी वाचून सही केली. यात आम्हाला काही मिळत नाही:
१. गुरुदत्त सामंत, लंडन (सही)
२. शैलेंद्र कर्णिक, वकील, वॉन (सही)

स्थळ: लंडन, ऑन्टारिओ
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५