घर मुलाला, गुडघे प्रयोगशाळेला

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, कारखान्यातल्या फिटरची विधवा, प्रयोगशाळेत काचसामान धुण्याच्या कामावरून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण नणंदेला शंका येईलच.

१. राहते घर, दोन खोल्या व मागची गॅलरी, एकुलत्या एक मुलाला.

२. यजमानांची अवजारे कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला. बेअरिंग काढायचा पुलर नणंदेकडे आहे. परत मागू नये. तिने नेला, एवढे लिहून ठेवते.

३. पुस्तके नातीला. समासातल्या माझ्या पेन्सिलीच्या खुणा चुकीच्या वाटल्या तरी खोडू नयेत.

४. माझे दोन्ही गुडघे मी जिथे नोकरी केली त्या प्रयोगशाळेला द्यावेत. याचे कारण लिहिणे भाग आहे.

कामावर लागले त्या वर्षी एका ट्रेमध्ये सांध्यातल्या कूर्चेचे तुकडे बुळबुळीत दिसले. मी ते साबणाने लख्ख धुऊन ठेवले. तिथे संशोधन करणाऱ्या मॅडम आल्या आणि बघतच राहिल्या. "अहो बाई, तो बुळबुळीतपणाच तर आम्ही दोन महिने जमवत होतो!" पण ओरडल्या नाहीत. स्टुलावर बसवून समजावले. सांध्यात चरबीचे अतिसूक्ष्म फुगे असतात. त्यांचे थर कूर्चेवर बसतात. प्रत्येक फुगा अंगाभोवती पाणी धरून ठेवतो. सगळ्या शरीराचा भार पडला तरी ते पाणी पिळून निघत नाही, म्हणून थरावरून थर अलगद सरकतो, हाड झिजत नाही. साबणाने मी ते फुगेच विरघळवले होते. तेव्हापासून मी वाचायला लागले.

घरी सांगितले तर हे म्हणाले, "जन्मभर ग्रीस भरलंय मी, मला नको शिकवूस." पण त्यांचे गुडघे पार गेले होते, जिना बसत बसत उतरायचे. शेवटच्या वर्षी आपणहून म्हणाले, "झिजलेलं बेअरिंग उघडल्याशिवाय कळत नाही. माझे देऊन टाक." प्रयोगशाळेच्या फॉर्मवर सहीही केली.

ते गेले तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबांना कापू देणार नाही." माझ्यात भांडायचे बळ नव्हते. प्रयोगशाळेने दिलेली मुदत टळून गेली. याला अकरा वर्षे झाली. या विषयावर आम्ही मायलेक पुन्हा बोललो नाही.

वकील म्हणाले, "घरासाठी गुडघे देण्याचीच अट घाला, मुलगा मुकाट्याने करेल." मी नको म्हटले. मी गेल्यावर त्याने प्रयोगशाळेला फोन केला, नाही केला, घर त्याचेच आहे. मात्र फोन त्यानेच करायचा आहे. दुसऱ्या कोणाला मी हे काम सांगितलेले नाही.

हे कलम काल त्याला वाचून दाखवले.

"आई, हे आत्ता कशाला?"

"नंतर सांगायला मी असणार आहे का?"

त्याने कागद माझ्या हातातून घेऊन कलम पुन्हा वाचले. मग म्हणाला, "किती तासांच्या आत?"

बारा तासांच्या आत, असे मी त्याला सांगितले.

सही: (फिटरची विधवा)

आम्ही दोघांनी बाईंना सही करताना पाहिले व त्यांच्यादेखत आपल्या सह्या केल्या:
साक्षीदार १: शेजारचे शिंपी
साक्षीदार २: वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका

स्थळ: राहते घर, स्वयंपाकखोलीतले टेबल
दिनांक: १८ जून २०२३