फौजदाराचा ताबा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा सोफे-गाद्या शिवण्याचा, लग्न केलेलं नाही, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणण्याइतकं जवळ कोणी नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाचं तसं नाही असं डॉक्टर म्हणाले, म्हणून आजच लिहायला बसले. यापूर्वी असं काही लिहिलेलं नाही.

कलम एक. घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या, गॅलरी आणि खालचा गाळा, माझ्या धाकट्या भावाला द्यावं. वडिलांचं घर आहे, त्याचं त्याला मिळावं. अट एकच. गाळ्यात इस्त्रीवाले भाडेकरू आहेत. कलम चारमधला कुत्रा हयात असेपर्यंत त्यांना गाळा सोडायला सांगू नये. भाऊ म्हणेल, "ताई, एका कुत्र्यासाठी?" हो, एका कुत्र्यासाठी.

बँकेत जे आहे त्यातून आधी माझा अंत्यविधी, मग कुत्र्याचं औषधपाणी. उरेल ते भावाचं.

कलम दोन. हातोडी, वाकड्या सुया, मोठी कात्री आणि शिवणयंत्र मागच्या गल्लीतल्या सुतारांना द्यावं. आमच्या धंद्यात बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. त्या तोंडात धरायच्या आणि जिभेने एकेक पुढे काढून ठोकायच्या. दिवसभर तोंडात चुका धरणाऱ्या माणसाला बोलायची सवय राहत नाही. लोक मला तिरसट समजले, त्यामागे निम्मं कारण हे. उरलेलं निम्मं खरंच आहे.

कलम तीन. पुढच्या खोलीत निळ्या कापडाची आरामखुर्ची आहे. ती माझी नाही. एक बाई ती दुरुस्तीला घेऊन आल्या. खुर्चीचा हात पार फाटला होता. "यानेच फाडला," म्हणून त्यांनी काखेतलं कुत्रं दाखवलं. घर बदलतेय, चार दिवस दोन्ही तुमच्याकडे राहू द्या, म्हणाल्या. त्या परत आल्या नाहीत. आल्या तर मजुरी न घेता खुर्ची द्यावी. कुत्रा मागितला तर दार लावून घ्यावं.

कलम चार. सदर कुत्रा मांजराएवढा आहे, रंग तपकिरी, एक कान मोडका. गल्लीत त्याला फौजदार म्हणतात, कारण ट्रक आला तरी तो रस्त्याच्या मधून हटत नाही. तो मी इस्त्रीवाल्यांना देते.

भावाला हे लागेल, म्हणून कारण लिहिते. इस्त्रीवाल्यांचं आणि माझं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. माझ्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या कपड्यांवर गळलं, मी ते मुद्दाम सोडलं असं ते म्हणाले. मी सोडलं नव्हतं, हे आजही म्हणते. भाडं ते दाराच्या फटीतून आत सरकवायचे.

एका दुपारी मी गॅलरीजवळ सोफ्याला कापड ठोकत होते. खाली एक मोठा कुत्रा गेला. फौजदार फोमच्या थप्पीवर चढला आणि कठड्यावरून सरळ उडी टाकली. माझ्या तोंडात चुका. मला ओरडताही आलं नाही.

जिना कसा उतरले मला माहीत नाही. तो दुकानाच्या ताडपत्रीवर पडून घरंगळत इस्त्रीच्या टेबलावर आला होता. इस्त्रीवाल्यांनी त्याला छातीशी धरलं होतं, आणि तो तापलेल्या इस्त्रीवर भुंकत होता.

"हा तुमचा?"

मी चुका हातात काढल्या. "माझाच."

"याला भीती म्हणून काही आहे की नाही?"

"नाही."

"मग त्याच्या वाटची तुम्ही बाळगा," ते म्हणाले, आणि कुत्रा माझ्या हातात दिला. पुन्हा बोलणं बंद. पण दुसऱ्या दिवशी ताडपत्रीवर जाड गोधडीची घडी दिसली. पाऊस आला की ते ती काढायचे, उघडीप झाली की पुन्हा घालायचे. मी वरून बघायची. गॅलरीला उंच जाळी लावली तरी गोधडी हलली नाही.

गेल्या महिन्यात मला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा भाऊ फौजदाराला घरी घेऊन निघाला. चौकात गाडीची काच अर्धी उघडी होती. फौजदार बाहेर. भावाने थोडं शोधलं आणि इस्त्रीवाल्यांना फोन केला, "ताईला सांगू नका." तापाने फणफणला तरी दुकान बंद न करणारा माणूस शटर ओढून निघाला. मी दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनीच मला सांगितलं, "हाका मारल्या की लांब पळायचा. शेवटी दमून फूटपाथवर बसलो. गप्पच बसलो. मागून आला आणि मांडीवर चढला."

कलम पाच. ताबा घेणाऱ्याने पाळायच्या गोष्टी. गळपट्टा नको, तो मान मागे ओढून निसटतो. मी नवारीचा छातीपट्टा शिवला आहे, दुसरा कपाटात आहे. बाहेरचं दार उघडण्याआधी जिन्याचं फाटक लावलेलं असावं, पोस्टमन असो की कोणी. जाळीजवळ स्टूल, खोकं, कपड्यांचं गाठोडं ठेवू नये. त्याला पायरी लागते, मग आभाळही पुरत नाही. पलंगावरून उतरायला उताराची फळी आहे, ती न्यावी. उड्या मारून पाठ जाईल, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं आहे. पळालाच तर मागे धावू नये. पाठ करून खाली बसावं. एकट्या माणसाजवळ तो येतो. माझ्याजवळही तसाच आला.

कलम सहा. हा मजकूर तपासायला आलेल्या वकीलबाईंनी इस्त्रीवाल्यांसमोरच विचारलं, इस्त्रीवाले आधी गेले तर कुत्रा कोणाकडे? ते माझ्याहून थोरले. दुसरं नाव घालावं लागतं म्हणाल्या. भाऊ नको. मी सगळी गिऱ्हाइकं आठवून पाहिली. सोफे आठवले, माणसं नाही. इस्त्रीवाल्यांचा मुलगा दूर देशी असतो, त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. मग इस्त्रीवाले म्हणाले, "दुसरं नाव नाही ना? मग तुम्ही मरायची घाई करू नका." वकीलबाई म्हणाल्या, हे कलमात बसत नाही. मी म्हटलं, बसवा.

म्हणून बसवलं आहे.

वरचा मजकूर मी स्वतः वाचला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी त्यावर सही केली. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. इस्त्रीवाल्यांना कुत्रा मिळायचा असल्याने त्यांची साक्ष चालत नाही. सह्या होईपर्यंत ते दाराशी फौजदाराला धरून उभे होते.

सही : सोफेवाली

साक्षीदार :
१. जनावरांचे डॉक्टर
२. समोरच्या औषधदुकानाच्या मालकीणबाई

ठिकाण : राहत्या घरी, पुढची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी, रविवार