पहिली बाटली

दि. ३ मार्च, सकाळी

प्रिय वहिनी,

नमस्कार. मी बरी आहे असं लिहायचं असतं, म्हणून लिहिते. पिल्लूचा खोकला गेला का? रविवारी तिने मला विचारलं, "आत्या, बाबा कामात चुकले म्हणून पडले ना?" मी नुसती तिची वेणी घालत राहिले. ते उत्तर आज देते.

दादा गेला त्याला चाळीस दिवस झाले. चौकशीत काय ठरलं ते तुला ठाऊक आहेच. टाकीतल्या तेलाचा नमुना त्याने नीट घेतला नाही, मी तो प्रयोगशाळेतून परत केला, आणि दुसऱ्यांदा चढताना शिडीवरून त्याचा पाय घसरला.

नमुना म्हणजे बाटलीभर तेल. ते आधी कोमट करायचं, अर्धा तास स्वस्थ ठेवायचं, मग सिरिंजने घनता मोजायच्या यंत्रातल्या बारीक काचेच्या नळीत अगदी हळू सोडायचं, लेकराला औषध पाजावं तसं. घाई केली की बुडबुडा अडकतो आणि आकडा कमी येतो. हे नव्या मुलींना मीच शिकवते. मोठी शहाणी!

ती पहिली बाटली माझ्या कपाटात आहे. कामावर परतल्यापासून अकरा वेळा ती यंत्रात भरली. आकडा दरवेळी अचूक, चौथ्या दशांशापर्यंत तोच. मग मुद्दाम तेल थंडच घेतलं, बाटली खळखळून हलवली, सिरिंज जोरात दाबली. स्क्रीनवर नळी दिसते. एक बुडबुडा नाही. वहिनी, असं होऊच शकत नाही. दर खेपेला मी तेल काढते, तरी बाटलीतलं तेल लेबलच्या खाली गेलेलं नाही. लेबलवर दादाचं अक्षर आहे. बाकीचे नमुने मात्र कितीही जपून भरा, नळीच्या वळणावर एक बुडबुडा येऊन बसतोच. शेजारच्या टेबलावरची म्हणते, यंत्र बिघडलंय. यंत्र बिघडलेलं नाही, हे मला ठाऊक आहे.

कारण त्या दिवशी तो बुडबुडा मी पाहिला होता. बाहेर टँकर खोळंबलेला, साहेब डोक्यावर बसलेले. मी तेल कोमट केलं नाही, ठेवलं नाही, सरळ ढकललं. आकडा कमी आला. "हे काय?" साहेब खेकसले. माझी चूक म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, "नमुनाच नीट घेतलेला नाही."

दादा दारात उभा होता. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं बाई, दुसरा आणतो," म्हणाला. आणि जाता जाता, फक्त मला ऐकू येईल असं, "या वेळी सावकाश भर हां."

त्याला दिसलं होतं, वहिनी. चारचौघांत माझी लाज राखायला तो चढला. आणि चौकशीत मी गप्प बसले.

आत्ताच सगळं लिहून साहेबांच्या हातात देऊन आले. पिल्लूला सांग, बाबा चुकले नाहीत, आत्या चुकली. अगदी याच शब्दांत सांग.

मला दारात उभं करायचं की नाही, ते तू ठरव. 'तुझी नणंद' असं लिहायला हात धजत नाही.

दादाची धाकटी