दोनदा खोडलेल्या चार ओळी

मी खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, चर्चच्या छापखान्यातला निवृत्त मुद्रितशोधक, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची झडप तेवढी नाही, आणि ती पुढच्या बुधवारी बदलायची आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, लालूच दाखवलेली नाही. उलट माझा पहिला मसुदा वकीलबाईंनी परत केला. का, ते पुढे येईलच. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे याने रद्द होतात. (एकही केलेले नाही, पण हे वाक्य लागतेच म्हणतात.)

१. मी राहतो त्या दोन खोल्या, आतल्या सामानासकट, माझ्या पश्चात माझ्या पुतणीच्या. मला मूलबाळ नाही. पत्नीच्या शेवटच्या आजारपणात ही पोर रोज कचेरीतून परस्पर आमच्याकडे येत असे, आणि आपण दमलो आहोत हे तिने एकदाही जाणवू दिले नाही. तिला एकच सूचना. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ न्हाणीघराची गळती 'याच आठवड्यात' दुरुस्त करणार आहेत. हा आठवडा बारा वर्षे चालू आहे. त्यांच्या गोड बोलण्याला भुलू नये.

२. बँकेत जे असेल ते दवाखान्याचे व दफनाचे भागवून पुतणीलाच द्यावे.

३. माझे सहा शब्दकोश, भिंग आणि लाल पेन्सिली सार्वजनिक वाचनालयाला. शब्दकोशांत जागोजागी मी समासात चुका दाखवल्या आहेत. त्या पुसू नयेत. बहुतेक बरोबर आहेत.

४. आता जे लिहायला हात धजत नाही ते.

इंटरनेटवर आपल्या भाषेतला एक ख्रिस्ती ज्ञानकोश आहे. तो कोणा एकाचा नाही. कोणीही त्यात लेख लिहावा, कोणीही दुरुस्त करावा, अशी त्याची रचना आहे. संत, धर्मसभा, बायबलची भाषांतरे, जुनी मिशन रुग्णालये, गीतपुस्तके, सगळे त्यात आहे. चौदा वर्षांपूर्वी, निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात, मी तिथे 'स्वल्पविराम' या नावाने लिहू लागलो. पुढे मला प्रचालक नेमले. म्हणजे लेख काढून टाकणे आणि उपद्रवी सदस्यांना बंदी घालणे हे माझ्या हाती आले. नियमाला मी पक्का होतो. छापील वा हस्तलिखित संदर्भ नसेल तर वाक्य राहणार नाही, मग लिहिणारा बिशप का असेना.

त्या कोशात माझ्या वडिलांवर लेख आहे. वडील मिशन रुग्णालयाच्या चर्चचे पाळक होते. बेचाळीस गीतांच्या पुस्तकावर गीतकार म्हणून त्यांचे नाव आहे. तो लेख मीच लिहिला. तीन वर्षांपूर्वी 'सुईदोरा' नावाच्या सदस्याने त्यात एक वाक्य घातले: "यांतली बरीच गीते रुग्णालयाच्या धोबीणबाईंनी रचली. त्यांना लिहिता येत नव्हते. पाळकसाहेब वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये स्टूल टाकून बसत आणि उतरवून घेत."

मी ते काढले. कारण लिहिले: संदर्भ नाही.

ते पुन्हा आले. मी पुन्हा काढले. लेखाच्या चर्चापानावर, म्हणजे वाद मांडायच्या पानावर, सुईदोराने विचारले, "मी स्वतः तिथं चादरींच्या घड्या घालत होते. माझे डोळे संदर्भ नाहीत का?" मी उत्तर दिले, "कोशाच्या नियमानुसार नाहीत." तिसऱ्यांदा आले तेव्हा मी त्या सदस्यावर 'उत्पाती' असा शिक्का मारला आणि कायमची बंदी घातली.

माझ्या वाक्याला संदर्भ होता. वडिलांचे छापील पुस्तक. आणि त्या पुस्तकाची मुद्रिते मी तपासली होती.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. वडिलांनी हस्तलिखिताच्या प्रस्तावनेत शेवटी चार ओळी लिहिल्या होत्या: एकतीस गीते धोबीणबाईंची आहेत, आपण फक्त लेखनिक. प्रस्तावना पान ओलांडून चार ओळी पुढे जात होती. व्यवस्थापक म्हणाले, "एका पानात बसव." कुठल्याही चार ओळी काढता आल्या असत्या. बिशपसाहेबांचे आभार तर सहा ओळी होते. मी लाल पेन्सिलीने शेवटच्या चार खोडल्या. जागेची अडचण हे निमित्त होते. माझ्या बापाने एका धोबिणीचा लेखनिक म्हणवून घ्यावे, हे मला नको होते. हे आज प्रथमच लिहीत आहे.

पुस्तक घरी आले. वडिलांनी उभ्याउभ्याच प्रस्तावना वाचली.

"चार ओळी गेल्या वाटतं."

"जागा नव्हती, बाबा."

"हं," म्हणाले, आणि पुस्तक कपाटावर ठेवले. त्यानंतर उपासनेत ते पुस्तक हातात न घेताच गात. लोकांना वाटे, आपलीच गीते, पाठ असणारच. त्यांनी मला कधी जाब विचारला नाही. विचारला असता तर बरे झाले असते. ते गेले तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. कपाटात त्यांची वही सापडली. एकतीस गीतांच्या डोक्यावर त्यांच्या अक्षरात: "सांगणार धोबीणबाई. लिहिणार मी." उरलेली अकरा त्यांची स्वतःची. व्याकरणाला निर्दोष आहेत आणि कोणी म्हणत नाही.

म्हणजे सुईदोराकडे संदर्भ मागताना संदर्भ माझ्या कपाटात होता.

बंदी घातल्यावर पंधरा दिवसांनी, दुपारी, आमच्या मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाई दारात आल्या. माझे शर्ट त्याच शिवत. हातात वाचनालयातून छापून आणलेला कागद होता.

"दादा, तुमचं शुद्धलेखन चांगलं. मला एक अर्ज लिहून द्या. त्या कोशातून मला हाकललंय. कोण तो स्वल्पविराम की पूर्णविराम, त्यानं."

त्या धोबीणबाईंच्या कन्या हे मला ठाऊक होते. सुईदोरा त्याच, हे त्या क्षणी कळले. मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि अर्ज लिहिला. इतका चांगला मजकूर मी आयुष्यात लिहिलेला नाही. वाचून दाखवला तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "माझ्या मनातलं नेमकं उतरवलंत," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या शर्टाची कॉलर उलटवून दिली आणि काही घेतले नाही.

अर्ज प्रचालकाकडे, म्हणजे माझ्याकडे आला. मी लिहिले: "नवीन संदर्भ नाही. अर्ज निकाली."

यानंतर तीन वर्षे मी त्यांच्या हातचे शर्ट घालून रविवारी त्यांच्या मागच्या बाकावर बसलो आहे.

५. डॉक्टरांनी तारीख दिल्यावर मी वही व कबुली पाकिटात घातली, 'माझ्या मृत्यूनंतर शिंपीणबाईंना द्यावे' असे वर लिहिले आणि वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सगळे वाचले, चष्मा काढला.

"काका, जे आपलं असतं ते मृत्युपत्रानं देता येतं. हे तुमचं कुठंय? आणि खरं सांगू? हे तुमचं पळ काढणं आहे."

म्हणून मागच्या शुक्रवारी मी वही घेऊन शिंपीणबाईंच्या दुकानी गेलो. त्या एका गणवेशाला काज करत होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगितले, चार ओळींपासून. त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली.

"अर्ज तुम्हीच लिहिलात."

"हो."

"आणि फेटाळलात पण तुम्हीच."

"हो, ताई."

"माझ्यासमोर बसून लिहिलात हो तो. मी रडले तुमच्यासमोर."

 

गणवेश बाजूला सारून त्या म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगते दादा. हाकललंत त्याचं काही नाही. मी लहानपणापासून हाकलून घेतलंय. पण तो 'संदर्भ नाही' वाचून वाचून मला माझ्या आईचाच संशय यायला लागला. म्हटलं, पोरीला बरं वाटावं म्हणून आई थापा मारायची की काय? मी तिच्या थडग्यावर जायची बंद झाले. दोन वर्षं."

माझ्या छातीत जे झाले ते झडपेमुळे नव्हते.

मी म्हणालो, "माझ्या पश्चात ही वही तुमची, असं लिहून ठेवतो."

"पश्चात?" त्या उठल्या. "मी तुमच्याहून तीन वर्षांनी तर लहान. आधी कोण जाणार हे तुम्हाला कुठल्या संदर्भावरून कळलं? आज द्या."

दिली. सबब ती वही या मिळकतीत धरू नये. तिच्यावर माझा, माझ्या वारसांचा वा चर्चचा कोणताही हक्क नाही, आणि खरे तर कधीच नव्हता. त्याच संध्याकाळी मी बंदी उठवली, बंदी का घातली होती ते चर्चापानावर माझ्या खऱ्या नावानिशी लिहिले आणि प्रचालकपद सोडले. इतर प्रचालक माझे काय करायचे ते ठरवत आहेत. मी लिहिलेले अकराशे लेख आता पुन्हा तपासावे लागतील, असे एकाने म्हटले आहे. बरोबर म्हटले आहे.

सोमवारी शिंपीणबाईंनी वाचनालयात ग्रंथपालबाईंच्या शेजारी बसून, एका बोटाने, आईवर लेख लिहिला. सात वाक्ये आहेत. त्यांच्या आईचे नाव, जे मी पन्नास वर्षांत एकदाही उच्चारले नव्हते, ते पहिल्या वाक्यात आहे. वडिलांच्या लेखातून वडिलांचे नाव मात्र त्यांनी काढू दिले नाही. "उतरवणारा नसता तर आईची गाणी साबणाच्या पाण्याबरोबर गेली असती. दोघंही राहू देत."

६. माझ्या धाकट्या भावाला आमची घडीची शिडी, जी त्याच्याकडेच आहे, आणि एक विनंती. चर्चच्या भिंतीवर वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी त्याने बसवली. कालपासून तो माझ्याशी बोलत नाही. फोनवर म्हणाला, "मेलेल्या बापाच्या तोंडाला काळं फासतोस? बोहल्यावरही मला नीट उभं राहू दिलं नव्हतंस, आता हे." (त्याच्या लग्नपत्रिकेतल्या चुका मी भर मांडवात दाखवल्या होत्या, हे खरे आहे.) बाळा, काळे मी फासले, पण बाबांच्या तोंडाला नाही. ते चार ओळींत खरे सांगून मोकळे झाले होते. पाटीवर खाली जागा आहे. धोबीणबाईंच्या नावाची एक ओळ मावते. मी पट्टी घेऊन मोजून आलो. पाळकांची हरकत नाही. तुझ्या संमतीवाचून ते हात लावणार नाहीत आणि मीही तुला बांधून घालत नाही.

७. मला पुरताना शिंपीणबाईंच्या हातचा शर्ट घालू नये. बाजारातला तयार शर्ट चालेल. दफनाच्या वेळी वडिलांच्या अकरा गीतांपैकी एखादे म्हणावे. कंटाळवाणे आहे, पण मंडळींनी सोसावे. कोणीतरी एकदा म्हटले पाहिजे.

८. हे कलम खोडले आहे. यात रस्त्याकडची खोली शिंपीणबाईंना दुकानासाठी दिली होती. त्या आज येथे आल्या, वाचले आणि म्हणाल्या, "मला खोली नको. मला साक्षीदार घ्या." वकीलबाईंनी समजावले, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, दोन्हींपैकी एक निवडा. त्या म्हणाल्या, "निवडलं की." खाडाखोडीवर माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. ती खोली कलम १ प्रमाणे पुतणीकडे जाईल.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. वर लिहिले ते मी वाचले, मला समजले, आणि ते खरे आहे.

ठिकाण: वकीलबाईंचे कार्यालय, दुसरा मजला.
तारीख: शस्त्रक्रियेच्या आठ दिवस आधी, मंगळवार, दुपारी.

(सही) मुद्रितशोधक

साक्षीदार पहिल्या: ग्रंथपाल, सार्वजनिक वाचनालय. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसऱ्या, स्वहस्ते: मी शिंपीण, धोबीणबाईंची मुलगी. यांनी माझ्या डोळ्यांदेखत सही केली. तेव्हा हे शुद्धीवर होते. मी माफ केले असा अर्थ माझ्या सहीवरून कोणी काढू नये. बुधवारी दवाखान्यात यांच्याजवळ बसायला मी जाणार आहे, त्यावरूनही काढू नये.