दहा प्रश्नांची वही

४ डिसेंबर १९६४, अमरावती
अकोल्याच्या डॉक्टरांनी मलाच कामाला लावलं! "बाई, पुस्तकं म्हणतात, कंपवातात हात थरथरतो, बुद्धी शाबूत राहते. हल्ली परदेशी मासिकांत वेगळं येऊ लागलंय. मीही वीस रोग्यांच्या नोंदी जमवतोय." ह्यांना रोज तेच दहा प्रश्न विचारायचे — वार कोणता, गाव कोणतं, शंभरातून सात गेले, उरले किती — आणि उत्तरं वहीत टिपायची. तीस वर्षं शाळेत शिकवलं, मला काय अवघड!

६ डिसेंबर
दहापैकी तीन. ज्यांनी कोर्ट गाजवलं, त्यांना वार सांगता येत नाही.

९ डिसेंबर
सकाळी दोन.
दुपारी ओसरीवर ह्यांचा आवाज! ह्यांचं अंघोळ-जेवण बघायला ठेवलेली तिवश्याची मैनाबाई पायाला तेल चोळत होती. "वकीलसाहेब, आज कोनता वार हाय?" विचारलं नि चोळत राहिली. बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "बुधवार." वर हसलेसुद्धा!
मला सकाळी शुक्रवार सांगितला होता.
मी दारामागे उभी. बी. ए. झालेली बाई — दारामागे!

१० डिसेंबर
"आपलं काम करायचं, मास्तरकी नको," मैनाबाईला बजावलं. तर म्हणते, "बाई, तुमी एक इचारता, अन् त्याईनं तोंड उघडाच्या पयले दुसरं इचारता. थ्या मानसानं बोलावं कवा?"
उर्मट! उद्यापासून येऊ नकोस, असं तोंडावर आलं होतं. पण ह्यांना न्हाऊ कोण घालणार?

१३ डिसेंबर
डॉक्टर आले. वही चाळली, कपाळाला आठी. मग मैनाबाईला विचारायला बसवलं, स्वतः घड्याळ लावून. दहापैकी आठ! एकेका उत्तराला दोन-दोन मिनिटं. "बुद्धी मंदावलीय, गेलेली नाही. हेच पकडायचं होतं मला. शाब्बास, मैनाबाई!"
माझ्या वहीबद्दल चकार शब्द नाही. मी जेवले नाही. ह्यांच्या लक्षातही आलं नाही.

१५ डिसेंबर
मैनाबाई कापूस वेचायला गावी गेली. सुंठीवाचून खोकला गेला!
संध्याकाळी तेल घेऊन मीच बसले. हे डोळे मिटून पडलेले. एकच प्रश्न विचारला — "बायकोचं नाव काय?" दुसरा दोनदा ओठांवर आला, दोनदा गिळला.
"विमल," हे म्हणाले.
मग आणखी बऱ्याच वेळानं — "मैनाबाई, तिला सांगू नकोस. तिच्यापुढे चुकायची फार लाज वाटते."
"नाई सांगत, वकीलसाहेब," मी म्हटलं.